मिरगीच्या ऑपरेशनआधी डोक्याचे एवढे फोटो काहून काढतात? नेहमी येणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. माझ्या लहान भावाला सातव्या वर्षापासून फिट यायच्या, पंधरा वर्षं आल्या, मग ऑपरेशन झालं. तेव्हापासून आजूबाजूच्या गावातले, नात्यातले, नात्यातल्यांच्या ओळखीतले लोक रिपोर्टचे फोटो पाठवून विचारत राहतात, ताई हे काय लिहिलं आहे, आता कुठं जायचं. तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. मी डॉक्टर नाही, औषध कमीजास्त करणं आणि ऑपरेशन करायचं की नाही हे तुमचे न्यूरोलॉजिस्टच सांगतील. पण कोणती तपासणी कशासाठी आहे आणि ती नीट झाली का, एवढं घरच्यांना समजलं पाह्यजे, नाहीतर आमची गेली तशी वर्षं जातात.

१. मिरगी, फिट, फेफरं, आकडी, झटके हे सगळं एकच का?

बोलण्यात एकच. डॉक्टर एपिलेप्सी म्हणतात. फक्त एक लक्षात ठेवा, तापात लहान लेकराला एकदा झटका आला म्हणजे लगेच मिरगी झाली असं नसतं. आणि प्रत्येक मिरगीत माणूस खाली पडून हातपाय झाडतोच असंही नाही. माझा भाऊ नुसता एकटक पाहायचा, तोंडानं चघळल्यासारखं करायचा, शर्टाची बटणं चाचपायचा, आम्हाला कितीतरी दिवस वाटलं ध्यान नाही पोराचं.

२. फिट येते म्हणजे ऑपरेशन करावंच लागते का?

नाही. बहुतेकांच्या फिट गोळ्यांनीच थांबतात. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००० साली ४७० रुग्णांचा अभ्यास छापला होता, त्यात ४७ टक्के लोकांच्या फिट पहिल्याच औषधानं थांबल्या, दुसऱ्या औषधानं आणखी १३ टक्के लोकांच्या थांबल्या, आणि त्यानंतर तिसरं किंवा दोन औषधं मिळून द्यायची म्हटलं तर जेमतेम ४ टक्के. म्हणून आता जगभर असा नियम आहे की नीट निवडलेली, बरोबर डोसमध्ये, रोज न चुकता घेतलेली दोन औषधं देऊनही फिट थांबत नसतील तर ती औषधाला दाद न देणारी मिरगी समजायची आणि ऑपरेशन जमेल का याची तपासणी सुरू करायची. साधारण तीनातल्या एका रुग्णाचं असं होतं.

न चुकता हा शब्द मी मुद्दाम लिहिला. कापूस वेचणीच्या दिवसात गोळ्या संपतात, शहरात जायला होत नाही, आठ दिवस खाडा पडतो आणि मग म्हणतात औषध लागू पडत नाही. ते वेगळं आहे.

३. ईईजी तर काढला होता, मग एमआरआय काहून?

आपल्याकडं लाइन जाते तेव्हा अंधार अख्ख्या गावात होतो, पण फॉल्ट एखाद्याच खांबावर राहते. लाइनमनला तो खांब शोधावा लागतो. काही मिरग्या तशाच असतात, मेंदूतल्या एका छोट्या जागेतून सुरू होतात आणि मग पसरतात. ईईजी मेंदूतला करंट मोजतो, पण तो कवटीच्या बाहेरून, म्हणून त्यात साधारण कोणत्या भागात गडबड आहे तेवढं समजतं, आणि २०-३० मिनिटांचा साधा ईईजी त्या वेळेत नॉर्मलसुद्धा येऊ शकतो. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, म्हणजे कुठं व्रण आहे, कुठं सुकलं आहे, कुठं जन्मापासूनच थर नीट बसलेले नाहीत. एकानं काम होत नाही, दोन्ही लागतात.

आणि काही मिरग्यांना अशी एक जागा नसतेच. सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके बसून कपबशी उडते, अशी एक मिरगी वयात येणाऱ्या पोरापोरींमध्ये असते, त्यात एमआरआय नॉर्मलच येतो आणि ऑपरेशनचा प्रश्न नसतो, बरोबरचं औषध दिलं की बहुतेकांचं चांगलं चालतं.

४. आमचा एमआरआय नॉर्मल आला. म्हणजे डोक्यात काही नाही ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याच प्रश्नात आमचं घर अडकलं होतं, म्हणून जरा लांब लिहिते.

भावाचा पहिला एमआरआय जवळच्या शहरात झाला. रिपोर्ट एका ओळीचा, नॉर्मल स्टडी. बाबांनी तो रिपोर्ट प्लॅस्टिकच्या थैलीत घालून देव्हाऱ्याजवळ ठेवला, सगळ्यांना सांगितलं पोराच्या डोक्यात काही नाही, आणि पुढं कितीतरी वर्षं कोणी नवीन तपासणी करा म्हटलं की ती थैली बाहेर निघायची. नंतर मोठ्या संस्थेतल्या डॉक्टरांनी तेच जुने फोटो पाहून सांगितलं की हे काप, म्हणजे मेंदूच्या एकेका थराचे फोटो, जाड आहेत, मधे मधे जागा सुटली आहे, आणि जी जागा पाहायची ती तिरक्या कोनातून घ्यावी लागते ती घेतलेलीच नाही. नवीन एमआरआय काढला तर उजव्या कानशिलाच्या आत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग सुकलेला स्पष्ट दिसला. दोष आधीपासून होता, फोटोत पकडलाच गेला नव्हता.

हे फक्त आमचंच झालं असं नाही. जर्मनीतल्या बॉनच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये मिरगीच्या रुग्णांवर हेच तपासलं, साधा एमआरआय आणि मिरगीचा खास अनुभव नसलेला वाचणारा असेल तर ३९ टक्के दोष सापडले, तोच साधा एमआरआय मिरगीच्या जाणकारानं वाचला तर ५० टक्के, आणि मिरगीसाठीच ठरवून काढलेला एमआरआय जाणकारानं वाचला तर ९१ टक्के. म्हणजे मशीन महत्त्वाची आहे, पण ती कशी चालवली आणि कोणी पाहिलं हे त्याच्याहून महत्त्वाचं आहे. नॉर्मलचा अर्थ एवढाच धरा की या फोटोत, या वाचणाऱ्याला, काही दिसलं नाही.

५. मग एमआरआय काढताना नेमकं काय सांगायचं?

डॉक्टरांकडून चिठ्ठीवर "एपिलेप्सी प्रोटोकॉल" असं लिहून घ्या. नुसतं एमआरआय ब्रेन लिहिलं की नेहमीचा काढतात. मिरगीतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेनं २०१९ मध्ये यासाठी तीन फोटो तरी पाह्यजेतच असं सुचवलं आहे, एक मिलिमीटर जाडीचे, मधे जागा न सोडता घेतलेले दोन थ्री-डी फोटो, एक टी-वन आणि एक फ्लेअर, आणि तिसरा हिप्पोकॅम्पसच्या काटकोनात घेतलेला बारीक टी-टू. हे नाव पाठ करायची गरज नाही, चिठ्ठी दाखवा आणि विचारा की एवढं होईल का. जमत असेल तर थ्री टेस्लाची मशीन चांगली (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), पण १.५ टेस्लावर बरोबर पद्धतीनं काढलेला फोटो थ्री टेस्लावर घाईत काढलेल्या फोटोपेक्षा कधीही बरा.

चिठ्ठीवर झटका कसा येतो, कोणता हात वाकडा होतो, ईईजी कोणत्या बाजूला खराब आहे हेही लिहायला सांगा. पाहणाऱ्याला कुठं पाहायचं ते समजतं.

आणि सीडी मागून घ्या. फिल्मवर निवडक फोटो छापलेले असतात, सीडीत सगळे असतात. फिल्म खिडकीसमोर धरून मोबाईलनं काढलेल्या फोटोवरून कोणताच डॉक्टर बारीक दोष सांगू शकत नाही, मला तर नाहीच नाही. सीडी मिळाली की दोन प्रती करून एक घरी ठेवा, आमची एक एसटीत विसरली होती.

६. सीटी स्कॅन स्वस्त पडतो, त्यावर भागत नाही का?

इमर्जन्सीत, डोक्याला मार लागला, रक्तस्राव आहे का पाहायला सीटी ठीक. कॅल्शियम साचलेले जुने पांढरे ठिपके तर सीटीत एमआरआयपेक्षा चांगले दिसतात. पण सुकलेला हिप्पोकॅम्पस किंवा थरातला बारीक दोष सीटीत बहुतेक वेळा दिसत नाही, आणि ऑपरेशन बहुधा त्याच दोषांचं असतं.

७. मशीनमध्ये जाताना मंगळसूत्र, जोडवी, ताईत सगळं काढावं लागते का?

हो, सगळं. एमआरआय म्हणजे खूप ताकदीचा चुंबक आहे, त्यात एक्स-रेसारखी किरणं नाहीत. मंगळसूत्र, जोडवी, नथ, केसातल्या पिना, करदोट्यातला धातू, गळ्यातला ताईत, खिशातली चिल्लर, सगळं बाहेर ठेवायचं. ताईत काढायला आजीबाई तयार नसतात, माझ्या आजीनंही खूप वेळ घेतला, मग तिनंच तो हातात धरून बाहेर बसायचं ठरवलं आणि काम झालं. बायाबाप्पांवर चिडू नका, आधी घरीच सांगून ठेवा.

पेसमेकर, कानातलं मशीन, डोक्यातली क्लिप, जुन्या ऑपरेशनची पट्टी किंवा रॉड असेल तर आधीच सांगा. वेल्डिंगचं, फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तेही सांगायचं, हे कोणाच्या लक्षात राहत नाही. आत आवाज खूप येतो, कानात बोळे देतात. अर्धा ते पाऊण तास हलायचं नाही, हललं की फोटो पुसट.

८. लेकरू पाच वर्षांचं आहे, ते स्थिर राहील का?

झोपेचं औषध देऊन काढतात, त्यासाठी किती वेळ उपाशी ठेवायचं ते केंद्रावर आधी विचारा. फिटची गोळी मात्र त्या सकाळीही द्यायची का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. मनानं चुकवू नका.

९. रिपोर्टमध्ये किडा आहे म्हणाले. पत्ताकोबी खाल्ल्यानं झालं म्हणते सगळे. आता ऑपरेशन करून किडा काढायचा का?

रिपोर्टमध्ये एनसीसी किंवा न्यूरोसिस्टिसरकोसिस लिहिलेलं असतं. ही डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अळी आहे, पत्ताकोबीतली हिरवी अळी नाही. ज्याच्या पोटात पट्टकृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, ती पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, हातातून दुसऱ्याच्या पोटात जातात आणि अळी मेंदूपर्यंत पोचते. म्हणून ज्यानं आयुष्यात मांस खाल्लं नाही त्यालाही होतं. कोबी सोडून उपयोग नाही, हात धुणं, भाजी धुणं, संडास वापरणं याचा उपयोग आहे.

आपल्याकडं तरुण माणसाला पहिली फिट आली आणि एमआरआयत एक छोटी गोल कडी दिसली तर बहुतेकदा ही अळी किंवा टीबीची गाठ असते. अळीची एकच छोटी गाठ असेल तर ती बऱ्याचदा औषधानं, कधी आपोआपही विरते, म्हणून काही महिन्यांनी परत फोटो काढून पाहतात. ऑपरेशन सहसा लागत नाही.

अवघड गोष्ट पुढं आहे. कधी कधी अळी मरून जुना पांढरा ठिपका राहतो आणि फिट चालूच राहतात. तेव्हा ठिपक्यालाच दोष देऊन मोकळं व्हायचं नाही, कारण काही लोकांत ठिपकाही असतो आणि हिप्पोकॅम्पसही सुकलेला असतो, आणि फिट नेमकी कुठून येते ते प्रश्न १२ मधल्या तपासणीशिवाय समजत नाही.

१०. एमटीएस लिहिलं आहे. कॅन्सर आहे का?

नाही. कानशिलाच्या आतल्या भागात हिप्पोकॅम्पस सुकून कडक झाला, असा त्याचा अर्थ. फोटोत तो भाग लहान आणि जास्त पांढरा दिसतो. लहानपणी तापात खूप वेळ चाललेला झटका आलेल्यांमध्ये हे पुढं बऱ्याचदा सापडतं. फिट यायच्या आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, भीती वाटते, मग माणूस हरवतो, असं वर्णन करतात. गोळ्यांनी ऐकत नसेल तर ऑपरेशनचा सगळ्यात चांगला फायदा ज्यांना होतो त्यात हे लोक येतात, त्यामुळं हा शब्द वाचून रडत बसू नका, मोठ्या केंद्रावर जा.

११. फिट येते तेव्हा मोबाईलमध्ये व्हिडिओ काढायचा म्हणतात, ते बरोबर दिसत नाही मनाला.

आईला पण पटत नव्हतं, लेकरू तडफडते आणि तू मोबाईल काय धरते. पण खरं सांगते, एवढ्या महाग मशीनच्या आधी डॉक्टरांनी आमचा दोन मिनिटांचा व्हिडिओ चार वेळा पाहिला. एकानं रुग्णाला सांभाळायचं, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, आणि दुसऱ्यानं व्हिडिओ काढायचा. चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाह्यजेत, गोधडी काढून टाका. नाव घेऊन हाक मारा, हात वर कर म्हणा, एखादी वस्तू दाखवून हे काय विचारा, आणि पूर्ण शुद्धीवर येऊन नीट बोलेपर्यंत बंद करू नका. मान आधी कुठं वळली, कोणता हात वाकडा झाला, बोलणं किती वेळानं आलं, यावरून बाजू समजते. पाच मिनिटांच्या वर झटका चालला तर व्हिडिओ सोडा आणि दवाखाना गाठा.

१२. व्हिडिओ ईईजीसाठी भरती करतात आणि गोळ्या कमी करतात. हे तर उलटंच झालं?

उलटं वाटतं, पण कारण आहे. डोक्याला तारा लावून, कॅमेऱ्यासमोर काही दिवस ठेवतात आणि तिथं फिट यावी म्हणून गोळ्या हळूहळू कमी करतात, म्हणजे ती सुरू कुठून होते ते रेकॉर्ड होतं. तिथं नर्स, ऑक्सिजन, झटका थांबवायचं इंजेक्शन हाताशी असतं. घरी हे कधीच करायचं नाही. गोळी एकदम बंद केली तर झटका न थांबता चालू राहून जीव जाऊ शकतो. गावातल्या एका घरी तपासणीला जायच्या आधीच आपल्या मनानं गोळ्या बंद केल्या होत्या, कारण कोणीतरी सांगितलं तिकडं बंद करतातच म्हणून, पोरगं विहिरीवर असताना फिट आली, नशीब माणसं जवळ होती.

जाताना केस धुऊन जा, तेल लावू नका, तारा चिकटत नाहीत. डबा नेणाऱ्यांनी पाच-सात दिवसांची तयारी ठेवा.

१३. पेट स्कॅन सांगितला. पेट तर कॅन्सरवाल्यांचा राहते ना?

मशीन तीच, काम वेगळं. मेंदू साखरेवर चालतो. पेटमध्ये साखरेसारखं औषध, त्याला थोडी किरणोत्सारी खूण लावलेली, शिरेतून देतात आणि मेंदूचा कोणता भाग किती साखर घेतो ते पाहतात. जिथून फिट येते तो भाग फिट नसताना सुस्त असतो, साखर कमी घेतो, फोटोत फिका दिसतो. एमआरआयत काही दिसत नाही आणि पेटमध्ये एका बाजूचं कानशील फिकं दिसतं, असं होतं, आणि तिथून पुढचा रस्ता सापडतो.

चार ते सहा तास उपाशी जावं लागतं, शुगरवाल्यांनी आधी सांगायचं. इंजेक्शननंतर अंधाऱ्या शांत खोलीत गप्प पडून राहायचं, मोबाईल पाहायचा नाही, बोलायचं नाही, नाहीतर तो भाग उगाच जास्त साखर खातो. त्याच वेळेत छोटी फिट येऊन गेली तर फोटो उलटासुलटा येऊ शकतो, म्हणून काही ठिकाणी सोबत ईईजी लावून ठेवतात, तुम्हाला फिट आल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा. त्या औषधाची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते, संध्याकाळपर्यंत फारसं काही उरत नाही. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर आधी सांगायचंच.

आणि फिका भाग खऱ्या जागेपेक्षा बहुतेक वेळा मोठा दिसतो. पेटमध्ये जेवढं फिकं तेवढं सगळं कापणार असं नाही.

१४. स्पेक्ट म्हणजे काय? फिट येईपर्यंत इंजेक्शन हातात घेऊन बसतात म्हणे?

अगदी तसंच. पेट फिट नसतानाचा फोटो आहे, स्पेक्ट फिट चालू असतानाचा. फिट सुरू होते त्या जागेकडं रक्त जोरात धावतं. इंजेक्शन तयार ठेवून नर्स खाटेजवळ थांबते, फिट सुरू झाली की काही सेकंदांत देते. ते औषध रक्तातून मेंदूत जाऊन मिनिटभरात तिथंच चिकटून बसतं, मग फिट थांबल्यावर, माणूस शांत झाल्यावर, काही तासांच्या आत निवांत मशीनवर नेलं तरी फोटोत ती गेलेली फिटच दिसते. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा खूप नवल वाटलं होतं.

नंतर फिट नसतानाचा दुसरा फोटो काढतात आणि कॉम्प्युटरवर पहिल्यातून दुसरा वजा करून जे उरतं ते एमआरआयवर ठेवून पाहतात. इंजेक्शनला उशीर झाला तर आग जिथं लागली ती जागा न दिसता जिथं पसरली ती दिसते. म्हणून घरच्यांचं काम महत्त्वाचं, रुग्णाला फिटच्या आधी जे वाटतं ते वाटलं की लगेच बटण दाबायचं, झोपा काढायच्या नाहीत. आम्ही घरचे पाळीनं जागलो.

१५. मशीनमध्ये शब्द बोलायला लावतात, बोटं हलवायला लावतात, ते कशाला?

तो फंक्शनल एमआरआय. फिटची जागा शोधायला नाही, वाचवायची जागा शोधायला. बोलणं कोणत्या बाजूला आहे, हात हलवायची जागा किती जवळ आहे, हे ऑपरेशनआधी समजलं पाह्यजे. काम करणाऱ्या भागाकडं रक्त जास्त जातं ते यात दिसतं. ही परीक्षा रुग्णाच्या घरच्या बोलीत झाली पाह्यजे. मेळघाटातलं कोरकू बोलणारं लेकरू किंवा आपल्याकडचं गोंडी, कोलामी बोलणारं लेकरू इंग्रजी-हिंदी शब्दांत अडखळलं तर फोटो त्याच्या मेंदूचा राहत नाही, शाळेचा राहतो. सोबत बोली समजणारं माणूस न्या आणि आधीच सांगा. रुग्ण डावखुरा असेल तर तेही सांगा.

काही ठिकाणी वाडा टेस्ट सांगतात, ती डॉ. जून वाडा यांच्या नावावरून. त्यात मेंदूची एक बाजू औषधानं काही मिनिटं झोपवून दुसरी बाजू बोलणं आणि आठवण सांभाळते का ते पाहतात. फंक्शनल एमआरआय आल्यापासून ती कमी लागते.

१६. एमआरआयत डाग डावीकडं, ईईजी उजवीकडं. खरं कोणाचं?

कोणाचंच एकट्याचं नाही. डाग दिसला म्हणजे फिट तिथूनच येते असं नाही. पाण्याची पिशवी, छोटा जुना ठिपका अशा गोष्टी कधीच फिट न आलेल्या माणसाच्या फोटोतही सापडतात. म्हणून व्हिडिओ, ईईजी, एमआरआय, पेट, आठवणीची परीक्षा, हे सगळे एकाच जागेकडं बोट दाखवतात का ते डॉक्टर मंडळी एकत्र बसून पाहतात. जुळलं तर पुढं जातात, नाही जुळलं तर आणखी तपासतात किंवा नाही म्हणतात. एका फोटोवर कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर मी तरी दुसरं मत घेईन.

१७. दोन्ही बाजूला दोष आहे, किंवा खूप डाग आहेत, मग संपलं का?

लगेच नाही. दोन्ही हिप्पोकॅम्पस सुकलेले दिसले तरी फिट एकाच बाजूनं येत असल्याचं कधी कधी रेकॉर्ड होतं. ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाच्या जन्मजात आजारात मेंदूत अनेक गाठी असतात पण त्यातली एखादीच त्रास देणारी असू शकते. जन्मतः उशिरा रडलेल्या, किंवा जन्मानंतर साखर खूप कमी झालेल्या बाळांमध्ये मेंदूच्या मागच्या भागात दोन्हीकडं व्रण राहतात, त्यात मात्र ऑपरेशन अवघड जातं, तिथं गोळ्या आणि लहान लेकरांसाठी डॉक्टरांच्या देखरेखीतला किटो आहार, म्हणजे तेल-तूप जास्त आणि भात-पोळी-साखर अगदी कमी, हे रस्ते पाहतात. पण एकच अख्खी बाजू खराब असेल आणि तिच्या विरुद्ध बाजूचा हात आधीच लुळा असेल तर ती बाजू वेगळी करायचं ऑपरेशन लहानपणीच करतात.

१८. एपिलेप्सी प्रोटोकॉलचा एमआरआयसुद्धा नॉर्मल. आता?

रस्ता लांबतो, बंद होत नाही. पेट, स्पेक्ट, काही ठिकाणी एमईजी, म्हणजे मेंदूतल्या करंटचं अतिशय हलकं चुंबकत्व मोजायची मशीन. तेवढ्यावरही शंका राहिली तर कवटीला बारीक छिद्रं पाडून आत तारा सोडून काही दिवस रेकॉर्ड करतात, त्याला एसईईजी म्हणतात, पॅरिसच्या तालेराक आणि बाँको या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. पण आधीच्या तपासण्यांनी अंदाज दिला असेल तरच त्या तारा कुठं सोडायच्या ते ठरतं, आंधळेपणानं नाही. खरं तेही सांगते, एमआरआयत दोष दिसणाऱ्यांपेक्षा न दिसणाऱ्यांचा निकाल कमी लागतो.

१९. फिट आल्याच्या दुसऱ्याच दिवशी एमआरआय काढला, त्यात सूज आली. गाठ आहे का?

असूही शकते, पण लांब चाललेल्या किंवा लागोपाठ आलेल्या फिटनंतर मेंदूचा तो भाग काही दिवस सुजून पांढरा दिसतो आणि नंतर जातो. म्हणून डॉक्टर काही आठवड्यांनी परत काढायला सांगतात. पैसे उकळायला सांगतात असं समजू नका.

२०. सगळे फोटो नॉर्मल, व्हिडिओ ईईजीत झटका आला तरी ईईजी नॉर्मल. डॉक्टर म्हणे मिरगीच नाही. मग पोरगी नाटक करते का?

नाही, नाटक नाही. मनावरच्या ताणातून येणारे झटके असतात, ते खरे असतात, फक्त मेंदूच्या करंटमधून आलेले नसतात. त्यांना मिरगीच्या गोळ्या लागू पडत नाहीत, मानसोपचार लागतो. काही लोकांना दोन्ही प्रकार असतात. या तपासणीनं तिचं चुकीचं औषध आणि चुकीचं ऑपरेशन दोन्ही टळलं. घरी तिला बोलू नका आणि भगताकडं मार खायला तर मुळीच नेऊ नका.

२१. जायचं कुठं आणि पैशाचं काय?

सुरुवात नागपूर किंवा वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यातल्या न्यूरोलॉजीपासून करा, तिथून मिरगीच्या ऑपरेशनच्या केंद्राची चिठ्ठी घ्या. सरकारी संस्थांपैकी दिल्लीचं एम्स, बंगळूरचं निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा यांचं काम मोठं आहे, श्री चित्रात १९९५ पासून ही ऑपरेशनं होतात. केरळ एक्सप्रेस नागपूर, बल्लारशाहवरून थेट तिरुवनंतपुरमला जाते. आपल्या देशात हे नवीन प्रयोग आहेत असंही समजू नका, वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी १९५२ मध्ये मिरगीचं ऑपरेशन केलं होतं.

पैशासाठी महात्मा फुले योजना आणि आयुष्मान कार्डाचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, ऑपरेशन बसतं का आणि तपासण्या बसतात का, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा. रेशनकार्ड, आधार, जुन्या सगळ्या सीडी, गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि फिट कधी आली ते लिहिलेली वही सोबत न्या.

२२. एवढं सगळं करून फिट नक्की थांबतील का?

नक्की असं कोणीच सांगू शकत नाही, पण आकडे सांगते. कॅनडात २००१ मध्ये कानशिलाच्या मिरगीच्या ८० रुग्णांचे दोन गट केले, वर्षभरानंतर ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के लोकांना शुद्ध हरपणाऱ्या फिट आल्या नाहीत, नुसत्या गोळ्यांच्या गटात ८ टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर असाच अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापला, ऑपरेशनच्या गटात ७७ टक्के मुलांच्या फिट वर्षभर थांबल्या, दुसऱ्या गटात ७ टक्के. त्यातच हेही लिहिलं आहे की ऑपरेशन झालेल्यांपैकी ३३ टक्के मुलांना गंभीर त्रास झाला, बहुतेकांना एका बाजूची कमजोरी, मेंदूचा जो भाग काढला त्यावरून ती अपेक्षितच होती. म्हणून ऑपरेशनआधी डॉक्टरांना सरळ विचारा, आमच्या लेकराचं काय जाऊ शकतं, हात, बोलणं, आठवण, नजर. प्रश्न १५ मधल्या तपासण्या याच उत्तरासाठी आहेत.

२३. ऑपरेशन झाल्यावर परत एमआरआय कशाला?

ठरवलेला भाग पूर्ण निघाला का ते पाहायला. फिट परत आल्या तर हा फोटो फार कामाचा, काही राहिलं असेल तर तिथंच दिसतं. गोळ्या ऑपरेशननंतरही चालूच राहतात, कमी कधी करायच्या ते डॉक्टर ठरवतात. भावाच्या गोळ्या तीनवरून एकावर आल्या आहेत, ती एक तो रोज रात्री जेवणानंतर घेतो, आणि आई अजूनही समोर उभी राहून पाहते.